न धुतलेलं शेवाळ

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास सहाव्या बरणीतला वायू यंत्रात सोडून लख्खताई सरकत्या कागदाकडे बघत उभी राहिली. पेन आडवी रेघ ओढत होतं. ठरलेल्या वेळी ते दोन मिलिमीटर वर उचललं गेलं, नुसत्या पाण्याच्या बरणीला उचललं गेलं होतं तेवढंच, आणि पुन्हा खाली बसलं. मग दुसऱ्या वायूचं उंच शिखर आलं. ते येणारच होतं, कारण तो वायू तिनेच सकाळी सुईने बरणीत घातला होता. तिला हवं होतं ते पहिलं शिखर आधीच्या पाच बरण्यांसारखंच याही बरणीत आलं नाही.

तिने वहीत बरणीचा क्रमांक, वेळ आणि उंची लिहिली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. त्या सपाट रेघेचा अर्थ असा होता की तिच्या थोरल्या भावाचं बावीस वर्षांचं काम शुक्रवारी अकरा वाजता संपणार.

भावाचे खाडीत मासेपालनाचे चौदा पिंजरे होते. गेल्या काही महिन्यांपासून बाहेरच्या समुद्रातून तपकिरी शेवाळाचे तरंगते पट्टे खाडीत शिरत होते, किनाऱ्याला लागून कुजत होते. काठावरच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. बंदर कार्यालयाने दोष पिंजऱ्यांवर ठेवला. माशांचं उरलेलं खाद्य आणि घाण पाण्यात उतरते, त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ माजतं, तेव्हा चौदाही पिंजरे हलवा, असा त्यांचा मसुदा तयार होता. सही तेवढी व्हायची होती.

सागर संशोधन केंद्राच्या प्रमुख मॅडमनी त्यात एक शंका काढली. या शेवाळाच्या अंगावर सूक्ष्मजीव राहतात, आणि त्यांतले काही पाण्यात विरघळलेल्या हवेतला नायट्रोजन धरून त्याचं खत करतात. तसं असेल तर शेवाळ आपला शिधा पाठीवर बांधूनच फिरतं, आणि सगळा दोष पिंजऱ्यांच्या माथी मारता येत नाही. मोजून बघायला हवं. कार्यालयाने मोजणीसाठी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

मोजायची रीत साधी होती. बरणीत शेवाळ आणि समुद्राचं पाणी घालायचं, रबरी बूच घट्ट बसवायचं, सुईने अ‍ॅसिटिलिन सोडायचं. वेल्डिंगवाले वापरतात तोच हा वायू. सूक्ष्मजीव ज्या हत्याराने नायट्रोजन फोडतात त्याच हत्याराने ते अ‍ॅसिटिलिनचं एथिलिन करून टाकतात, म्हणजे फळं पिकवणारा वायू. चार तास उन्हात ठेवायचं आणि किती एथिलिन झालं ते यंत्रावर बघायचं. झालं असेल तर सूक्ष्मजीव कामावर आहेत. नसेल तर नाहीत.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या लख्खताईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या.

"ताई, सहावी पण?"

"सहावी पण."

"बूच गळत नव्हतं ना?"

लख्खताईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं बाई, चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. "मग हेच आकडे जातील. उद्या संध्याकाळी अहवाल टाइप करू."

हा प्रश्न लख्खताईला विचारायचा नसतो, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षांपूर्वी, विशीत, ती तिथे काचेची भांडी घासायला लागली. तेव्हाच्या प्रमुखांनी तिने धुतलेली पहिली बरणी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवून बघितली आणि एकच शब्द उच्चारला: लख्ख. तो तिला चिकटला तो कायमचा. प्रत्येक वस्तू तीन पाण्यांतून काढायची आणि प्रत्येक वेळी अंगठ्याने चोळायची, ही तिची पद्धत. तिने धुतलेल्या भांड्यात आधीच्या प्रयोगाचा माग कुणाला कधी सापडला नाही. पुढे जुन्या तंत्रज्ञाचा हात कापायला लागला आणि सुई तिच्याकडे आली. बुचातून सुई नीट गेली की नाही हे तिच्या बोटांना कळायचं, डोळ्यांनी बघावं लागत नसे.

घरीही तोच खाक्या. तिचा नवरा निवृत्त बसचालक होता आणि आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या घरात जंतूंना राहायचं असेल तर आधी करारनामा करावा लागतो. अकरा महिन्यांचा. तोही ही मोडते."

पिंजऱ्यांचा मालक आपला भाऊ आहे, हे तिने मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मॅडमनी ते कागदावर नोंदवून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्या तंत्रज्ञाचा पाय मोडलाय. तुमच्याशिवाय सुई धरणार कोण? मी?" दोघी हसल्या होत्या. तेव्हा हसणं सोपं होतं.

संध्याकाळी सहाला भाऊ घरी आला. हातात प्लॅस्टिकची बादली होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"घे. तुझ्यासाठी फुलं आणलीत," तो म्हणाला.

बादलीत शेवाळाचा गुंता होता. पिंजऱ्याच्या जाळ्यातून ओढून आणलेला.

"दादा, चपला बाहेर काढ."

"माझं चंबूगबाळं उचलायची वेळ आलीय आणि हिला चपलांची पडलीय."

"तिला चपलांचीच पडलेली असते," नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला. "मनावर घेऊ नकोस. मी तीस वर्षं घेतलेलं नाही."

भावाने चपला काढल्या. खुर्ची ओढून बसला.

"आकडा आला?"

"आला."

"काय?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, का सांगायचा नाही?"

"दोन्ही."

"म्हणजे शून्य," भाऊ म्हणाला. "लहानपणी तू काही लपवलंस की कान लाल व्हायचे तुझे. आत्ता आरशात बघ जा."

ती ओट्याकडे वळली. बादलीखाली फरशीवर तळं साचत होतं. तिने बादली उचलून सिंकपाशी ठेवली.

"तुझी वहिनी विचारते, सामान बांधायला घेऊ का? मी म्हटलं, थांब, सुई आपल्या बहिणीच्या हातात आहे."

"म्हणूनच तू असलं काही बोलू नकोस."

"मी काय बोललो? आकडा फिरव म्हटलं का?"

"म्हणायच्या आत थांब. मग नाही म्हणायची पाळी माझ्यावर येणार नाही."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं आणि पुन्हा वर धरलं.

तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. तिने बादलीतली शेवाळाची एक फांदी उचलून नळाखाली धरली. तिच्यावरून वाळू गेली, दोन इवलेसे झिंगे गेले. पहिलं पाणी, दुसरं पाणी. अंगठा सवयीने पानावरून फिरला. पान बुळबुळीत होतं; चोळल्यावर स्वच्छ झालं, अगदी तिच्या मनासारखं. सिंकमधून तांबूस पाणी गेलं आणि जाळीवर कसलीशी बारीक लव अडकली.

तिचा अंगठा जागच्या जागी थांबला.

नळ तसाच वाहत होता. तिने जाळीवरची लव बोटावर घेतली आणि नवऱ्याच्या पुढ्यातून वाचायचं भिंग उचललं.

"अगं, मी वाचतोय!"

तिने आधी धुतलेलं पान भिंगाखाली धरलं. गुळगुळीत आणि उघडं. मग बादलीतलं न धुतलेलं जुनं पान घेतलं. त्याच्या कडांना, वाटाण्याएवढ्या हवेच्या फुग्यांच्या देठांना, तपकिरी केसांचे झुबके होते. हे झुबके म्हणजेच ते सूक्ष्मजीव, एकमेकांना धरून राहिलेले. मॅडमच्या लेखी सूचनेत स्पष्ट होतं: शेवाळ समुद्राच्या पाण्यात हलकेच बुडवून काढावं. तिने बुधवारी सकाळी सहाही नमुने, सहा काचेची भांडी असावीत तसे, तीन तीन पाण्यांतून अंगठ्याने चोळून काढले होते. ज्यांना मोजायचं त्यांना तिने मोरीत सोडून दिलं होतं आणि मग बरणीत ते कामावर आहेत का, हे दिवसभर बघत बसली होती.

"काय झालं?" भाऊ उठून उभा राहिला.

"काही नाही. तू जा आता."

"म्हणजे?"

"दादा, जा म्हटलं ना."

तो चहासुद्धा न घेता गेला. दारात चपला घालताना नवऱ्याला म्हणाला, "तुमची बायको जंतूंशी जास्त बोलते, माणसांशी कमी." बादली मागेच राहिली.

गुरुवारी सहा वाजता ती केंद्राच्या फाटकाशी उभी होती. मॅडम आल्या तशी तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, काल शिखरं आली असती, तर तुम्ही रात्री भिंग घेऊन चूक शोधायला बसला असतात?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं.

"नसते बसले," ती म्हणाली.

"उद्या बंदर कार्यालयवाले हेच विचारणार. पहिला आकडा भावाच्या विरुद्ध आला, म्हणून बहिणीने दुसरी चाचणी काढली. काय सांगू त्यांना?"

"त्यांनाच बोलवा. शेवाळ त्यांनी आणावं, बरण्यांत त्यांनी भरावं, क्रमांक त्यांनी घालावेत. कुठल्या बरणीत काय आहे ते मला कळायला नको. मी फक्त सुई धरते."

मॅडमनी फोन लावला. बंदर कार्यालयाचा निरीक्षक साडेसातला नाकाला रुमाल लावून हजर झाला. उंच, सावकाश बोलणारा माणूस.

"बाहेरच्या समुद्रातलं शेवाळ आणायचं, ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग पिंजऱ्यांजवळचंही आणू. एकाच पंगतीत बसवू दोघांना. चालेल ना बाई?"

लख्खताईकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. "चालेल," ती म्हणाली.

"आणि दोन नमुने तुमच्या कालच्या पद्धतीने चोळून धुवा," मॅडम म्हणाल्या. "धुण्याने फरक पडतो हे नुसतं सांगून कोण ऐकेल?"

बोट पावणेदहाला परत आली. दोन्हीकडचं शेवाळ दिसायला सारखंच होतं. निरीक्षक सांगेल ते दोन जुडगे तिने चोळून धुतले आणि परत दिले. मग तिला बाहेर बसवलं. आत निरीक्षकाने बारा बरण्या भरल्या: चार बाहेरच्या, चार पिंजऱ्यांजवळच्या, दोन बाहेरच्याच पण धुतलेल्या, दोन नुसत्या पाण्याच्या. क्रमांकांची यादी त्याने पाकिटात घालून पाकीट खिशात ठेवलं.

ती आत आली तेव्हा बरण्यांमध्ये वाळू होती, झिंगे होते, एका बरणीत बोटाच्या पेराएवढा खेकडा काचेवर चढू बघत होता. चौतीस वर्षांत तिने इतक्या घाणेरड्या बरणीला हात लावला नव्हता.

"खेकडा काढा हो," ती न राहवून म्हणाली. "तोही श्वास घेतो. मोजणी बिघडेल."

निरीक्षकाने चिमट्याने खेकडा काढला. "नातेवाईक आहे का?" त्याने विचारलं. कुणी हसलं नाही. मग तोच थोडा ओशाळला.

सव्वादहाला तिने बारा बुचांतून बारा वेळा सुई घातली. बरण्या गच्चीवरच्या हौदात, वाहत्या समुद्राच्या पाण्यात, उन्हात ठेवल्या. मॅडम खाली गेल्या. निरीक्षक सावलीत खुर्ची टाकून बसला. ती हौदाच्या काठाशी उभी राहिली. इथून खाडी दिसायची, पिंजऱ्यांची गोल रिंगणंही: सहा आतल्या संथ पाण्यात, आठ तोंडाशी. मधून भावाची होडी खाद्याची पोती घेऊन जात होती. ढग आला की ती घड्याळ बघायची, कारण हे सूक्ष्मजीव उन्हात काम करतात. एकदा ढग नऊ मिनिटं टिकला. तिने ते वहीत लिहिलं.

"बसा की बाई," निरीक्षक म्हणाला.

"उभीच बरी आहे."

"भाऊ रागावलाय?"

"आकडे आले की विचारा."

सव्वादोनला मोजणी सुरू झाली. निरीक्षक बरण्या हवी तशी उचलून देत होता. पहिली दिली ती चार नंबरची. पेन उचललं गेलं आणि आठ मिलिमीटरवर वळलं. कालच्या दोनपेक्षा जास्त, पण आठने काय होतं? दुसरी बरणी, अकरा नंबर: सहा मिलिमीटर. मॅडमनी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने सुई धुवून पुसली.

तिसरी होती सात नंबरची. पेन वर गेलं आणि जातच राहिलं. एकसष्ट मिलिमीटर.

निरीक्षकाने नाकावरचा रुमाल काढला.

साडेचारपर्यंत बाराही झाल्या. वहीत तीन कळप पडले होते. चार बरण्या उंच: एकसष्ट, अठ्ठावन्न, सत्तर, एकोणपन्नास. चार बुटक्या: आठ, सहा, अकरा, सात. चार सपाट, दोन आणि तीनच्या आसपास. सपाट चारांपैकी दोन पाण्याच्या, त्या काचेतूनच दिसत होत्या. उरलेल्या दोन धुतलेल्या असणार. बुटक्या चार कुणाच्या, हे समजायला तिला पाकिटाची गरज पडली नाही. चौतीस वर्षं भांडी घासताना या खोलीतलं बोलणं तिच्या कानावर पडत आलं होतं. समोर आयतं खत मिळालं की हे जीव हवेतून खत करायची मेहनत सोडून देतात. पिंजऱ्यांजवळचे जीव काम करत नव्हते, याचा अर्थ तिथे त्यांना आयतं मिळत होतं. आणि ते कोण देत होतं, हे खाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

निरीक्षकाने पाकीट उघडलं, यादी लावली. तसंच निघालं.

"म्हणजे बाहेरून येणारं शेवाळ स्वतःचं खत करून येतं," तो म्हणाला.

"सगळं नाही, पण बराच हिस्सा," मॅडम म्हणाल्या.

"आणि पिंजऱ्यातून खत जातं, हेही खरं."

मॅडम काही बोलायच्या आत लख्खताई म्हणाली, "जातं."

काल तिच्याकडे एक चुकीचा आकडा होता जो भावाला बुडवत होता. आज बरोबर आकडे होते, आणि ते त्याला पुरतं वाचवत नव्हते. तिने वही पुढे ओढली. बुधवारच्या पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं: "नमुने मी सूचनेविरुद्ध चोळून धुतले. त्यामुळे ही चाचणी बाद." खाली सही केली. तिच्या वह्यांमध्ये बाद हा शब्द तोवर दुसऱ्यांच्या कामाबद्दलच आला होता.

शुक्रवारी सुनावणीत बंदर अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं: चाचणी दोनदा का? लख्खताई उभी राहिली. शेवटच्या रांगेत भाऊ आणि वहिनी बसले होते.

"पहिल्या वेळी मी शेवाळ धुतलं," ती म्हणाली.

"धुतलं म्हणजे?"

"घासलं. भांड्यासारखं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान लाल झाले. मग तिने दुसऱ्या दिवशीचे बाराही आकडे वाचून दाखवले, बुटके चार सोडले नाहीत. ती ते वाचत असताना वहिनीने भावाच्या हातावर हात ठेवलेला तिला दिसला.

निर्णय अर्ध्या तासात आला. चौदा पिंजरे काढण्याचा मसुदा रद्द. तोंडाशी, वाहत्या पाण्यातले आठ राहतील. आतल्या संथ पाण्यातले सहा दोन महिन्यांत उचलून तोंडापलीकडे न्यायचे, तोवर त्यांत नवे मासे सोडायचे नाहीत, आणि दर महिन्याला मोजणी.

बाहेर जिन्यावर भाऊ तिच्यासाठी थांबला होता.

"ते चार वाचले नसतेस तर सहाही राहिले असते," तो म्हणाला.

"चार गाळले असते, तर बाराही बाद झाले असते. मग चौदाही गेले असते."

"हिशोब मला शिकवू नकोस."

"बरं."

"आठ," तो स्वतःशीच म्हणाला आणि उतरून गेला. वहिनी मागे रेंगाळली. "वन्सं, त्यांचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली, "पण महिनाभर फोनही करू नका."

तिने केला नाही. पाच आठवडे केंद्राच्या गच्चीवरून तिला पिंजरे एकेक करून हलताना दिसले. भाऊ पुढच्या होडीत उभा, मागे दोरांनी ओढलं जाणारं रिकामं रिंगण, इतकं हळू की दुपारभर ते हलतंय की नाही कळू नये. एकाचा दोर तुटला आणि ते खडकाला लागून वाकलं. पाच पोचले.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी दार वाजलं. नवऱ्याने उघडलं. भाऊ बाहेर उभा होता, हातात बादली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"नव्या जागेचं आहे," तो आत बघून तिला म्हणाला. "मोजायचंय ना या महिन्याचं? न धुता आणलंय."

"दारातच ठेव," लख्खताई म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय. आणि चपला काढ, चहा टाकते."